तळघर आणि बर्फ: लेडव्हिलच्या शर्यतीसाठी मिनेसोटातला हिवाळा

साताऱ्यातला माझा धाकटा भाऊ डिसेंबरात यवतेश्वरचा घाट चढून आला की फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, "ताई, आज लई गारठा, बारा अंश." मी उलट टपाली माझ्या पापण्यांचा फोटो पाठवते. त्यांवर बर्फ साठलेला असतो.

मी मिनियापोलिसच्या दक्षिणेला ब्लूमिंग्टनमध्ये राहते, वय चव्वेचाळीस, काम हिशेबतपासणीचं, म्हणजे दिवसभर बैठं. डोक्यात किडा मात्र कोलोरॅडोतल्या लेडव्हिल ट्रेल 100 या माउंटन बाइक शर्यतीचा. लेडव्हिल हे जुनं खाणींचं गाव, उंची जवळजवळ 3,100 मीटर. खाण बंद पडून गावाची रया गेली तेव्हा 1983 मध्ये तिथे 100 मैलांची धावण्याची शर्यत सुरू झाली आणि 1994 पासून सायकलीचीही. नावाला 100 मैल, प्रत्यक्षात चार-पाच जास्तच. एकूण चढ साडेतीन हजार मीटरच्या आसपास, आणि मधोमध कोलंबाइन खाणीचा चढ तुम्हाला 3,800 मीटरच्या जवळपास नेऊन सोडतो. बारा तासांत परत आलात तर कमरपट्ट्याचं बक्कल मिळतं. त्या बक्कलासाठी धडधाकट माणसं काय काय करतात ते माझ्या नवऱ्याला विचारा.

पहिल्या खेपेला मी परतीच्या वाटेवर वेळेच्या मर्यादेत बसले नाही. दोष उंचीचा नव्हता, हिवाळ्याचा होता. शर्यत ऑगस्टात, पण आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च बर्फ. ते पाच महिने वाया घालवले तर उरलेल्या चार महिन्यांत काही उभं राहत नाही. तो हिवाळा मी अगदी उलटा काढला. बर्फात जीव तोडून जोर लावला आणि तळघरात ट्रेनरवर (म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर) तासन्‌तास रेंगाळले. आता नियम एकच: जोर तळघरात, वेळ बाहेर. खालचं सगळं त्या एका वाक्यातून निघतं.

तळघरात

उलट का करू नये ते आधी सांगते. पहिल्या डिसेंबरात उणे एकवीसला तळ्याभोवती चार-चार मिनिटांचे सहा जोरदार फेरे मारले. घरी आले ती खोकतच. खोकला संक्रांतीपर्यंत पुरला. डॉक्टरांनी सांगितलं की धाप लागेपर्यंत गार, कोरडी हवा ओढली की श्वासनलिका आकसतात, आतून सोलवटल्यासारख्या होतात. दमा नसलेल्यांनाही हे होतं. आता उणे दहाच्या खाली बाहेर दम लागेल असं काहीच करत नाही.

आठवड्यातून दोनदा तळघर, मंगळवार आणि गुरुवार. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा घ्या: अंग नीट तापवून वीस मिनिटं जितका जमेल तितका एकसारखा जोर, आणि आलेल्या सरासरी वॉटच्या 95 टक्के हा तुमचा आकडा. माझा 172 होता. त्या आकड्याच्या 88 ते 92 टक्क्यांवर वीस मिनिटांचे दोन तुकडे, मध्ये पाच मिनिटं आराम. तीन आठवडे थोडं थोडं वाढवायचं, चौथा हलका. जानेवारीत तीन तुकडे. फेब्रुवारीपासून दर पंधरा दिवसांनी मी "घरचा कोलंबाइन" करते: नव्वद मिनिटं न थांबता, आकड्याच्या 75 ते 80 टक्क्यांवर, त्यात अधूनमधून पाच-पाच मिनिटं जड गिअरवर मिनिटाला पंचावन्न-साठ पायडल. खऱ्या कोलंबाइनला माझ्यासारखीला दोन तास लागतात. ब्लूमिंग्टन समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरवर, आणि इथली स्कीची टेकडी जेमतेम पन्नास मीटर उंच. एवढा लांब चढ मला तळघराशिवाय मिळणार तरी कुठे?

पंखे दोन लावा, एक पुरत नाही. बाहेर उणे पंधरा असलं की मी तळघराची खिडकी चार बोटं उघडते, फुकटचा एसी. घामाने हँडलचे स्क्रू गंजतात म्हणून त्यावर जुनं धोतर टाकते (सासऱ्यांचं आहे, त्यांना माहीत आहे). झ्विफ्टवर, म्हणजे ट्रेनरला जोडायच्या आभासी शर्यतींच्या ॲपवर, लोकांशी शर्यत लावू नका. मजा येते, पण ठरवलेला जोर बाजूला राहतो आणि कोणा अनोळखी गड्याच्या मागे तुम्ही दर मंगळवारी जीव काढता.

गुरुवारच्या सायकलीआधी अर्धा तास वजनं: बैठका, वजन घेऊन पायऱ्यांवर चढउतार, एका पायावरची बैठक, पाठीसाठी डेडलिफ्ट. लेडव्हिलला परत येताना पॉवरलाइन नावाचा चढ आहे, तिथे बहुतेक जण उतरून सायकल ढकलतात. तेव्हा मांड्यांच्या आधी कंबर बोलते.

बाहेर

शनिवारी तीन ते चार तास फॅट बाइकवर. चार-पाच इंच रुंद टायरची ही सायकल आमच्या भागाची लाडकी. कारखान्यात सरसकट बनलेली पहिली फॅट बाइक म्हणून जिचं नाव घेतात ती सर्ली पग्सली 2005 साली इथल्या ब्लूमिंग्टनच्याच कंपनीने आणली. मिनेसोटा नदीच्या काठची गाळाची वाट आणि थिओडोर वर्थ पार्कमधल्या दाबून सपाट केलेल्या वाटा, एवढ्यात माझा हिवाळा जातो. किलोमीटर मोजू नका. भुसभुशीत बर्फात तासाला नऊ किलोमीटर पडले तरी तो तास तासच आहे. जोर एवढाच की तेराचा पाढा न अडखळता म्हणता यावा. एकोणतीसचा म्हणून बघू नका, तो तसाही येत नाही.

उतरून ढकलावं लागलं तर चिडू नका. पंधरा किलोची सायकल बर्फातून ढकलणं ही पॉवरलाइनची फुकट शिकवणी.

कपड्यांचं गणित नवख्यांचं नेहमी चुकतं, कारण ते दारात उभं राहून ठरवतात. निघताना थोडी हुडहुडी भरलीच पाहिजे. दारातच ऊब वाटली तर वीस मिनिटांत घाम येणार, आणि थांबलात की तोच घाम गोठणार. अंगालगत पातळ मेरिनो लोकर, त्यावर पातळ फ्लीस, वर समोरून वारा अडवणारं आणि पाठीतून श्वास घेणारं जाकीट. सुती काहीही नको, आतलेसुद्धा नको. उणे पंधराला ताशी वीसच्या वेगाने गेलात तर उघड्या कातडीला उणे चोवीस वाटतात. नाक-तोंड गळपट्टीने झाका, एक सुकी जास्तीची खिशात ठेवा. पहिली तासाभरात पापडासारखी कडक होते.

हातांसाठी पोगीज घ्या, म्हणजे हँडलला बांधायच्या जाड पिशव्या, मुठीसकट हात आत. आत पातळ हातमोजे पुरतात आणि गिअर बोटांना कळतो. मी पहिली दोन वर्षं महागडे जाड मोजे घेत राहिले आणि ब्रेक शोधत राहिले.

पायांचा प्रश्न खरा अवघड, त्यावर जरा थांबते. बोटं गार पडतात ती बहुधा मोजे कमी म्हणून नाही, बूट घट्ट म्हणून. दोन जाड मोजे कोंबले की रक्तच पोचत नाही. बूट एक माप मोठा घ्या, आत बोटं हलली पाहिजेत. क्लिपचे, म्हणजे बुटाच्या तळाला अडकणारे, पायडल हिवाळ्यात काढून ठेवा. तळव्याखालचा तो धातूचा तुकडा थंडी सरळ आत आणतो. साधे रुंद पायडल आणि बर्फाचे बूट बरे. उणे पंधराच्या खाली मी पातळ मोज्यावर पावाची रिकामी प्लॅस्टिक पिशवी आणि तिच्यावर लोकरीचा मोजा घालते. पायाचा घाम वरच्या मोज्यात जात नाही, तो कोरडा राहतो, ऊब टिकते. दिसायला भिकारडं दिसतं. दर चाळीस मिनिटांनी उतरून पाच मिनिटं चाला. मुंग्या आल्या तर ठीक, रक्त परत येतंय. मुंग्या थांबून बोट लाकडासारखं झालं, कातडी पांढरट मेणचट दिसली, तर तिथेच फेरी संपली. चोळू नका, बर्फ तर मुळीच चोळू नका. घरात जाऊन कोमट पाण्यात धरा.

आता टायरची हवा. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. घरात वीस अंशांना 8 पीएसआय भरून निघाले, उणे पंधरात वाटेवर पोचले तर टायर पोळीसारखा. पंक्चर समजून अर्धा तास छिद्र शोधत बसले. छिद्र नव्हतंच. हवा थंड झाली की दाब उतरतो, आणि फॅट बाइकमध्ये मुळातच दाब इतका कमी असतो की 8 चे सव्वापाच होतात. म्हणून सायकल आधी तासभर गॅरेजात गार होऊ द्या आणि मग हवा मोजा. कमी दाब मोजणारा वेगळा गेज घ्या, साध्या पंपाचा काटा पाचाच्या आसपास काहीही दाखवतो. दाबलेल्या वाटेवर मी 5-6, ताज्या बर्फात 4. मागे वळून पाहा: तुमची चाकोरी इंचभर खोल पडत असेल तर हवा काढा. तरीही पडत असेल तर परत फिरा, ती वाट कोणीतरी रात्री जागून दाबलेली असते.

नितळ बर्फावर खिळ्यांचे टायर हवेतच. वळताना सायकल कलवू नका, पुढचा ब्रेक विसरा. ऑगस्टात लेडव्हिलच्या सुट्या खडीवर उतरताना हेच हात उपयोगी पडतात. गोठलेल्या तळ्यावर जायचा मोह सगळ्यांना होतो. राज्याचा निसर्गसंपदा विभाग चालणाऱ्यासाठी किमान 4 इंच घट्ट, स्वच्छ बर्फ सांगतो. मी दुप्पट झाल्याशिवाय जात नाही आणि एकटी तर कधीच नाही.

पाणी वरून गोठत येतं, म्हणून गरम पाण्याची बाटली उलटी लावा, तोंडाकडचं शेवटी गोठेल. पाठीवरची पाण्याची पिशवी वापरत असाल तर ती जाकिटाच्या आत, आणि प्रत्येक घोटानंतर फुंकर मारून नळी रिकामी करा. तहान लागत नाही, तरी दर वीस मिनिटांनी प्या. खाण्याचे माझे सगळे प्रयोग संक्रांतीच्या सुमारास झाले. चिक्की: दगड, दाढ हलली. खजूर: तोच प्रकार. केळं: नावच काढू नका. डिंकाचा लाडू: तुपामुळे घट्ट होऊन भुगा पडतो, पण पोगीजच्या आत हाताच्या उबेला ठेवला तर उत्तम. तिळगुळाचे लाडू सुपारीएवढेच वळा, एका घासात जातील असे. तीन तासांच्या फेरीला असे दहा-बारा, शिवाय आतल्या खिशात शेंगदाण्याची चटणी आणि गूळ लावून गुंडाळलेली पोळी.

डिसेंबरात उजाडतं पावणेआठला आणि साडेचारला मावळतं, तेव्हा दिवा लागणारच. त्याची बॅटरी थंडीत निम्मीच टिकते. फोन पोटाशी ठेवा.

सायकलीचं

भिजलेली सायकल उबेत आणून तशीच परत बाहेर नेलीत तर मागच्या चाकाच्या फ्रीहबमध्ये (पायडलचा जोर चाकाला देणाऱ्या भागात) साठलेलं पाणी गोठतं. पायडल फिरतं, चाक नाही. माझ्यावर ही वेळ घरापासून सहा किलोमीटरवर आली. चालत आले. म्हणून एकतर गॅरेजातच ठेवा, नाहीतर आणली तर पूर्ण सुकेपर्यंत बाहेर काढू नका. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने चेन आठवड्यात खाल्ली जाते, दर फेरीनंतर पुसून पातळ तेल लावा.

कधी जायचं नाही

उणे तेवीसच्या खाली नाही. सर्दी मानेच्या वर असेल, म्हणजे नाक-घसा, तर हलकं चालेल. छातीत उतरली, ताप आला, तर नाही. आणि शून्याच्या वर गेलं तरी नाही, हे सगळ्यात कठीण. मार्चच्या मध्यावर ऊन पडतं, पक्षी ओरडायला लागतात, अंग शिवशिवतं आणि नेमक्या तेव्हाच मातीच्या वाटा बंद होतात, कारण वरचा चिखल मऊ आणि खाली जमीन गोठलेली. तुमची एक चाकोरी उन्हाळाभर राहते. ते तीन आठवडे डांबरावर काढा. परीक्षा परत घ्या. माझा आकडा या मार्चमध्ये 191 आला. लेडव्हिलच्या उंचीवर त्यातले तीन-चतुर्थांशच हाताशी राहतील, पण 172 चे तीन-चतुर्थांश काय असतात ते मी पाहून आले आहे.

हिवाळी सामान लगेच माळ्यावर टाकू नका. शर्यत सकाळी साडेसहाला सुटते आणि ऑगस्टातही त्या उंचीवर पहाटे दात वाजतात, तेव्हा पातळ मेरिनो आणि वाऱ्याचं जाकीट पिशवीत जाणारच. पोगीज धुऊन ठेवा, पण धुण्याआधी आत हात घालून तपासा. गेल्या एप्रिलमध्ये माझ्या डाव्या पोगीच्या तळाशी जानेवारीचे अडीच लाडू निघाले.