रेडियस कुठे कसा मोजायचा: तुटक्या पुलीपासून इन्सर्टच्या टोकापर्यंत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत कुणी ‘रेडियस किती ठेवायचा?’ असं विचारलं, तर आकडा सांगण्याआधी काम कुठलं ते बघा. पॅटर्नवाल्याला (ओतकामाचा नमुना बनवणाऱ्याला) कोपऱ्याची गोलाई हवी असते, टर्नरला इन्सर्टच्या, म्हणजे लेथच्या हत्यारात बसणाऱ्या कापणाऱ्या तुकड्याच्या, टोकाची आणि मेंटेनन्सवाल्याला तुटलेल्या पुलीची त्रिज्या. तिन्ही ठिकाणी मोजायची रीत वेगळी आहे.

पुलीचा नुसता तुकडाच हातात असेल तर केंद्र शोधत बसू नका. तुकडा सपाट प्लायवर ठेवून बाहेरची कड अणकुचीदार स्क्रायबरने (आखायच्या सुईने) आखून घ्या. जाड पेन्सिल नको, रेघेची जाडीच चूक वाढवते. कमानीवर दोन खुणा करून त्या सरळ रेघेने जोडा, ही जीवा. तिच्या मध्यातून काटकोनात कमानीपर्यंतची उंची मोजा. मग त्रिज्या = (जीवा × जीवा) ÷ (८ × उंची) + उंची ÷ २. जीवा १२० आणि उंची १५ मिमी असेल तर १२० + ७.५, म्हणजे १२७.५ मिमी.

इथे उंचीची चूक फार महागात पडते. १५ ऐवजी १५.५ मोजली गेली तर त्रिज्या १२३.९ येते, साडेतीन मिमीहून जास्त फरक. त्याच वर्तुळावर जीवा २०० मिमी घेतली तर उंची ४८.४ भरते, आणि अर्ध्या मिमीच्या चुकीने त्रिज्या फक्त ०.८ मिमीने हलते. म्हणून तुकड्यावर बसेल तेवढी लांब जीवा घ्या आणि जागा बदलून निदान तीनदा मोजा. कड झिजलेली असेल तर तीन उत्तरं जुळणार नाहीत. या मापावरून पॅटर्न करायचा असेल तर ग्रे आयर्नसाठी (साध्या बिडासाठी) थंड होताना साधारण १ टक्का आकसणं धरा, म्हणजे १२७.५ चे १२८.८. मशिनिंगचा अलाउन्स, म्हणजे नंतर कापून काढायची जादा जाडी, त्यावर वेगळा.

कास्टिंगच्या आतल्या कोपऱ्याला रेडियस न देणं ही हमखास रिजेक्शनची वाट. साच्यातली वाळूची टोकदार कड धातू ओतताना ढासळते, आणि थंड होताना ताण त्याच कोपऱ्यात साठून तडा जातो. पण रेडियस भरमसाट वाढवला तरी तिथे धातूचा गोळा जमतो, तो शेवटी थिजतो आणि आत पोकळी राहते. एल आकाराच्या जोडाला आतून भिंतीच्या जाडीच्या निम्मा रेडियस द्या आणि बाहेरून त्यात जाडी मिळवा. भिंत १० मिमी असेल तर आत ५, बाहेर १५. जाडी सगळीकडे सारखी राहते.

तयार फिलेट (आतल्या कोपऱ्याची गोलाई) रेडियस गेजने, म्हणजे ठरावीक गोलाईच्या पत्र्याच्या पानांनी, तपासताना मागून उजेड धरा. गेजचं पान कोपऱ्यात मधोमध टेकून बाजूंना उजेड दिसला तर पान लहान आहे. दोन्ही टोकं टेकून मध्ये उजेड दिसला तर पान मोठं.

लेथवर इन्सर्टच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे नोज रेडियस, म्हणजे टोकाची गोलाई, सांगतात. सीएनएमजी १२०४०८ म्हणजे ०.८ मिमी, शेवटी ०४ असेल तर ०.४. फिनिशचा अंदाज वरच्याच जीवा-उंचीच्या हिशोबातून निघतो: उंचवटा = (फीड × फीड) ÷ (८ × नोज रेडियस). फीड म्हणजे जॉबच्या एका फेऱ्यात हत्यार सरकतं ते अंतर. फीड ०.२ मिमी असताना ०.८ च्या टोकाने सुमारे ६ मायक्रॉनचे उंचवटे राहतात, ०.४ ने १२.५. मग मोठंच टोक का लावू नये? बारीक, लांब जॉब त्याने बाजूला ढकलला जातो आणि चॅटर (थरथरीच्या खुणा) येतो. शिवाय शाफ्टवर बेअरिंगच्या खांद्याशी फिलेट बेअरिंगच्या कडेच्या गोलाईपेक्षा लहानच हवा, नाहीतर बेअरिंग खांद्याला टेकत नाही. तिथे ड्रॉइंगमध्ये ०.५ असेल तर ०.८ चा इन्सर्ट चालणारच नाही.

सीएनसी लेथच्या प्रोग्रॅममध्ये बहुतेक ठिकाणी एक्स व्यासात लिहितात, पण जी ०२ आणि जी ०३ या कमानीच्या कमांडमधला आर त्रिज्येतच. इन्सर्ट बदलला की मशीनच्या स्क्रीनवरच्या ऑफसेटच्या पानावरचा आरही (नोज रेडियस) बदला. तो जुनाच राहिला तर सरळ व्यास बरोबर येतो, टेपर आणि गोलाई मात्र चुकते. म्हणूनच ही चूक उशिरा सापडते.

वर्कशॉपबाहेरचे रेडियस थोडक्यात. नेटवर्कवाल्याचा रेडियस म्हणजे लॉगिन तपासणारा सर्व्हर. त्याचे पोर्ट १८१२ आणि १८१३. पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नसेल तर सर्व्हर आणि त्याला विचारणारं उपकरण, दोन्हीकडचा शेअर्ड सिक्रेट (त्यांच्यातला सामायिक गुप्त शब्द) सारखा आहे का ते आधी बघा. एक्स-रेच्या रिपोर्टमधला रेडियस हे अंगठ्याच्या बाजूचं हाताचं हाड. तळहातावर पडल्यावर ते मनगटाजवळ मोडतं. सूज चढायच्या आत अंगठी-बांगड्या काढा, हात फळीला बांधा, चोळू किंवा ओढू नका, थेट डॉक्टरांकडे न्या. गाडीचा टर्निंग रेडियस ५ मीटर असेल तर पूर्ण वळायला चाकांनाच १० मीटर जागा लागते, बंपर त्याच्याही बाहेरून फिरतो. आणि नकाशावरचा ३ किमीचा रेडियस सरळ रेषेतला असतो. पंचगंगेच्या अलीकडून, म्हणजे कोल्हापूर शहरातून, पुलाची शिरोली गाठायची तर पुलावरूनच जावं लागतं, त्यामुळे डिलिव्हरीचं भाडं रस्त्याच्या अंतरावर ठरवा.