आधी वही उघड, मग चटणी कूट
पोरी, धंदा करायचाय ना? लोगो नंतर, आधी हिशेबाची वही उघड. मी सोलापुरात शेंगाचटणी विकते. सुरुवातीला दाणे, तिखट, लसूण एवढाच खर्च धरायचे. गॅस, पिशव्या, रिक्षा नि माझी मजुरी हिशेबातच नव्हती. सहा महिने फुकट राबले की गं! आता भाव ठरवताना स्वतःचे तास आधी लिहिते.

भांडवल कमी म्हणून अडू नकोस. लिज्जतच्या सात जणींनी १९५९ साली ८० रुपये उसने घेऊनच गिरगावात पापड लाटले. बँकेत धंद्याचं खातं वेगळं काढ. ‘उद्यम’ ही छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नकोस. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणीही हवी.

आणि काकू-मावशीला उधारी? पहिल्याच डब्याला नाही म्हण. मला अडीच वर्षं लागली.