बडोद्यात काळ्या खलाशांच्या लढ्यावर बैठक घ्यायचीय? अशी घ्या

जागा कुठलीही चालेल, दांडिया बाजारात कोणाचा तरी दिवाणखाना मिळाला तरी पुरे, दोन तास आणि एक फळा हवा. पुढाऱ्यांच्या नावांनी सुरुवात करू नका. आधी फळ्यावर जहाज काढा आणि विचारा, डेकवर कोण, भट्टीत कोळसा कोण टाकतंय, स्वयंपाक कोण करतंय. अमेरिकन जहाजांवर काळ्या माणसाच्या वाट्याला बहुतेक वेळा भट्टी नाहीतर किचन, हे एकदा दिसलं की युनियन का लागली ते वेगळं समजावावं लागत नाही.

मग ह्यू मुल्झॅक घ्या, आणि इथे अजिबात घाई करू नका. कॅरिबियनमधल्या छोट्या बेटावर जन्मलेला माणूस, १९१८ मध्ये कॅप्टनचं लायसन्स मिळालं तरी पुढची बरीच वर्षं जहाजाच्या किचनमध्येच काढली, कारण कंपन्या काळ्या माणसाला जहाज द्यायलाच तयार नाहीत. त्याला लायसन्स मिळालं त्याच्या आदल्याच वर्षी बाबासाहेब कोलंबियात शिकून आपल्या बडोद्यात नोकरीला आले आणि त्यांना राहायला जागा मिळेना. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा, लोक आपणहून बोलायला लागतात, मध्ये पडू नका. शेवटी १९४२ मध्ये मुल्झॅकला बुकर टी. वॉशिंग्टन हे जहाज मिळालं, पण क्रू फक्त काळ्यांचा असेल तर मी येणार नाही, सगळे एकत्र हवेत असं तो अडून बसला आणि ते करून घेतलं. मला त्याचं हेच सगळ्यात मोठं वाटतं.

फर्डिनांड स्मिथ त्यानंतर. जमैकाचा, स्वतः स्टुअर्ड, म्हणजे जहाजावर खाण्यापिण्याचं बघणारा, १९३७ ला नॅशनल मेरिटाइम युनियन ही अमेरिकन खलाशांची संघटना उभी करणाऱ्यांपैकी एक, युनियनच्या घटनेतच वर्णभेद चालणार नाही असं लिहिलेलं. युनियनच्या हॉलमध्ये नाव नोंदवायचं आणि नंबर येईल तसं काम, ही पद्धत नीट समजावा. आपल्याकडे मात्र घाट सारंग, म्हणजे बंदरावरचे भरतीचे दलाल, पैसे घेऊन भरती करायचे, बैठकीत मूळचं कोकणातलं कोणी असेल तर त्यांना आवर्जून विचारा, घरात कोणीतरी बोटीवर गेलेलं असतंच. स्मिथ कम्युनिस्ट, त्यामुळे १९५१ मध्ये त्याला अमेरिका सोडावी लागली.

लंडन विसरू नका हं. १९३५ मध्ये बार्बाडोसच्या ख्रिस ब्रेथवेटने तिथे कलोनियल सीमेन्स असोसिएशन काढली, तिच्यात आफ्रिकन, कॅरिबियन खलाशांबरोबर आपले भारतीय खलाशीही होते.

जुना काळ, म्हणजे १८२२ चा अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्याचा कायदा, जहाज बंदरात असेपर्यंत स्वतंत्र काळ्या खलाशांनाही तुरुंगात ठेवायचा, तो पुढच्या बैठकीला घ्या. एका संध्याकाळी सगळं कोंबलं तर चर्चेला वेळच उरत नाही.