सावलीत लावायचा लव्हाळा : अंब्रेला पाम

नाव पाम असलं तरी ते पाम नव्हेच, आपल्या शेतातल्या लव्हाळ्याचा भाऊ आहे. फरक एवढाच की शेतातल्या लव्हाळ्याला म्हणजे नागरमोथ्याला ऊन लागतं, आणि हा अर्ध्या सावलीत पण खुशाल वाढतोय, म्हणून बेळगावच्या जुन्या घरांच्या परसात नहाणीचं पाणी जिथं जातं, जिथं दुसरं काय येत नाही, तिथं हा लावा. मूळचा मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतला, नदीकाठच्या दलदलीतला, त्यामुळं मुळं कायम ओली पाहिजेत, भोक नसलेली बादली पण चालते बघा.

रोप विकत आणू नका की. कोणाकडून तरी छत्रीसारखा शेंडा दोन बोटं देठ ठेवून कापून आणा, पानं कात्रीनं निम्मी करा, आणि उलटा, म्हणजे देठ वर आणि छत्री पाण्यात, असा पेल्यात ठेवा. दोन-तीन आठवड्यात मधल्या बोंडातनं पांढरी मुळं आणि हिरवे कोंब फुटतात. मी पहिल्यांदा सरळ ठेवलेला, कुजून वास सुटला नुसता. मग चिखलात लावा, शेणखत थोडंच.

अगदी अंधारात मात्र काड्या बारीक होऊन वाकतात. एप्रिल-मेमध्ये कुंडी सुकली की टोकं करपतात, ती कापून टाकली की नवीन येतात.

आणि हो, खानापूर, कणकुंबीकडं, म्हणजे घाटातल्या भरपूर पावसाच्या भागात, ओढ्याकाठी नका लावू, तिथं तो पसरत जाईल, आवरणार नाही.