भिंत मागायची कशी: डाकारची रीत

माझे वडील कोल्हापुरात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. भिंत दिसली की आधी ओल चाचपायची, ही सवय घरचीच. नोकरीसाठी सेनेगलला, डाकारला आलो आणि कळलं, इथं ओलीच्याही आधी माणसं चाचपतात.

इथल्या ग्राफिटीतलं मोठं नाव म्हणजे डोक्टा, खरं नाव आमादू लामिन न्गोम. 1990च्या सुमारास डाकारच्या पोरांनी 'सेत सेताल' म्हणत गल्ल्या झाडल्या, कचरा उचलला आणि भिंती रंगवल्या. वोलोफ या इथल्या भाषेत सेत म्हणजे स्वच्छ. आधी झाडू, मग ब्रश. तो क्रम इथं अजून मोडलेला नाही. रात्री चोरून रंगवणं तर जवळपास नाहीच. भरदिवसा, घरमालकाला विचारून काम चालतं.

तर पहिलं काम विचारायचं. संध्याकाळी गल्लीत चहाला बसा. 'अताया'चे, म्हणजे इथल्या चहाचे, तीन ग्लास होतात, पहिला कडू, शेवटचा गोड. भिंतीचा विषय तिसऱ्याला काढा. पहिल्यालाच काढलात तर "बघू" ऐकून उठाल, मी उठलोय.

मग काय काढायचं, तेही त्यांनाच विचारा. डोक्टाने 'ग्राफ ए सांते' (ग्राफिटी आणि आरोग्य) नावाचा उपक्रम चालवला: चित्रकार भिंतीवर आणि शेजारी डॉक्टर मोफत तपासायला. चित्र बघायला आलेला माणूस तपासून जातो. 2020मध्ये कोरोना आला तेव्हा आरबीएस क्रू या ग्राफिटी गटाने विद्यापीठाच्या भिंतीवर हात धुणं, मास्क, कोपरात शिंकणं असं चित्रांतूनच सांगितलं. मी मात्र शहाणपणा करून फ्रेंचमध्ये ठसठशीत ओळ लिहिली होती. समोर शेंगदाणे विकणाऱ्या बाईंनी विचारलं, "काय लिहिलंयस?" दुसऱ्या दिवशी ओळ पुसून मच्छरदाणीत झोपलेलं बाळ काढलं.

आता भिंत. डाकारला तीन बाजूंनी समुद्र, त्यामुळे खार फुटतो. तारेच्या ब्रशने पोपडे काढा, खार कोरडाच झाडा, पाण्याने धुवाल तर परत आत मुरेल. मग प्रायमर, त्यावर रोलरने इमल्शनचे दोन हात. मोठा भाग इमल्शननेच भरा. स्प्रेचे डबे महाग, ते बाह्यरेषा आणि छटांसाठी राखा. डबा दोनेक मिनिटं हलवा, वीतभर अंतरावरून मारा, हात चालता ठेवा. थांबलात की ओघळ. काम संपल्यावर डबा उलटा धरून एकदा फवारा, नाहीतर कॅप तुंबते. तोंडाला साधं फडकं नको, फिल्टरवाला मास्कच हवा.

हिवाळ्यात हरमटान वारा सहारातली धूळ आणतो. ओल्या रंगावर ती बसली की अख्खं चित्र मातकट. अशा दिवशी सरळ सुट्टी घ्या.

उरलेला रंग घरमालकाकडे झाकण घट्ट लावून ठेवा. डागडुजीला लागतो: जमिनीपासून कंबरेपर्यंतचा भाग पोरांच्या फुटबॉलने सगळ्यात आधी खराब होतो.