टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुरू करताय? मग आधी एवढं करा

चिठ्ठीवर टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) आलं की घरात पहिला गोंधळ "स्टिरॉइड" या शब्दाचा. आमच्या आईला वाटलं कोरोनात काकांना दिलेलं तेच हे. नाही हो, डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, दम्याच्या काही पंपांतलं औषध ही सूज उतरवणारी वेगळी जात, आपण बोलतोय ते स्नायू वाढवणारं अ‍ॅनाबॉलिक. पिट्युटरी (मेंदूखालची हार्मोनची ग्रंथी) किंवा वृषण काम करत नसेल, मुलगा वेळेत वयात येत नसेल, तर टेस्टोस्टेरॉन देतात, आणि काही प्रकारच्या अ‍ॅनिमियात याच कुळातली दुसरी औषधं. माझी पिट्युटरीची गाठ काढली, तेव्हापासून 4 वर्षं मी इंजेक्शनवर आहे. नुसतं पंचेचाळिशीत थकल्यासारखं वाटतंय म्हणून घ्यायची ही गोष्ट नाही.

पहिलं काम रक्ताचं. सकाळी 10 च्या आत, उपाशीपोटी, आणि दोन वेगवेगळ्या दिवशी, कारण हा हार्मोन सकाळी जास्त असतो आणि दुपारपर्यंत उतरतो. मी पहिल्यांदा ऑफिसातून सुटून, जेवून वगैरे 4 वाजता रक्त दिलं, लॅबवाल्यानेही काही विचारलं नाही, आणि तो रिपोर्ट डॉक्टरांनी सरळ बाजूला ठेवला (सकाळचेही नंतर कमीच आले, ते सोडा). सोबत एलएच आणि एफएसएच करा, हे वृषणाला कामाला लावणारे पिट्युटरीचे हार्मोन. ते वाढलेले असतील तर दोष वृषणात, कमी किंवा नॉर्मल असतील तर गडबड वर पिट्युटरीत, मग प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचाच आणखी एक हार्मोन) आणि गरज पडली तर एमआरआय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि लाजून लोक नेमकं हेच बोलत नाहीत: मूल हवंय का? बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं माल भरपूर आहे, तो एलएच-एफएसएच बंद करतो आणि शुक्राणू पार शून्यावर जाऊ शकतात. सोडल्यावर परत यायला महिनोनमहिने लागतात. लग्न ठरलंय, बाळाचा विचार चाललाय, तर पहिल्याच भेटीत सांगा, त्यासाठी एचसीजीसारखी, वृषणाला चालना देणारी वेगळी इंजेक्शनं असतात. प्रोस्टेटचा किंवा स्तनाचा कॅन्सर, नुकताच हार्ट अटॅक किंवा स्ट्रोक, झोपेत श्वास अडकणं, हेही लपवू नका.

इंजेक्शन तेलातलं असतं, मधासारखं हळू सरकतं. आमच्या सिस्टर अँप्युल आधी मुठीत धरून कोमट करतात आणि कुल्ल्यात अगदी सावकाश देतात, घाई केली की दोन दिवस बसताना आठवण येते. काहींमध्ये शेंगदाणा तेल असतं, त्यामुळे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर सुईच्या आधी बोला. 1000 मिलिग्रॅमचं लांब पल्ल्याचं घेतलं तर अर्धा तास दवाखान्यातच बसा, क्वचित तेल फुप्फुसात जाऊन जोराचा खोकला येतो. जेल लावत असाल तर हात धुवा, लावलेली जागा कपड्याने झाका, लहान पोरांना त्या जागेला अंग लागू देऊ नका.

सुरू झाल्यावर 3 ते 6 महिन्यांत हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) बघायचंच, नंतर वर्षाला. टेस्टोस्टेरॉनने रक्त घट्ट होतं, आकडा 54 टक्क्यांवर गेला की डॉक्टर औषध थांबवतात. माझा एकदा 53 झाला तेव्हा दोन इंजेक्शनांमधलं अंतर वाढवलं. चाळिशीपुढे पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी पण. हृदयाचं म्हणाल तर 2023 मध्ये 5 हजारांवर पुरुषांचा मोठा अभ्यास आला, त्यात हार्ट अटॅक वाढले नाहीत, पण ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी हे थोडं जास्त दिसलं. म्हणून एकच पाय सुजला, अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सीत जा.

आणि जिममध्ये कोणी याच कुळातल्या गोळ्यांचा "कोर्स" दिला असेल, तर त्यातल्या बऱ्याच गोळ्या लिव्हरवर जातात आणि डब्यात खरंच काय आहे ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. घेऊन झाला असेल तर डॉक्टरांना खरं सांगा, नावं आठवत नसतील तर रिकामे डबे पिशवीत घालून न्या, मीही पहिल्या भेटीला प्रोटीनचा डबासुद्धा नेला होता.