माणूस अचानक भ्रमात बोलू लागला तर काय करावे

सकाळी भाजी निवडत बसलेली आजी संध्याकाळी नातवाला ओळखेना, वारलेल्या भावाला हाका मारू लागली, की घरात कोणीतरी म्हणतंच, ‘वय झालं आता.’ पण वय काही एका दुपारीत वाढत नाही. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी हळूहळू चढतो. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत आलेल्या गोंधळाला डॉक्टर डेलिरियम म्हणतात. त्यामागे बहुतेक वेळा शरीरातलंच काहीतरी बिघडलेलं असतं: लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, कमी झालेली साखर किंवा सोडियम, अंगातलं पाणी कमी होणं, एखादं औषध. म्हाताऱ्या माणसाला संसर्गात ताप येईलच असं नाही. तुंबलेली लघवी किंवा बरेच दिवसांचा बद्धकोष्ठही पुरतो.

आधी धोक्याच्या खुणा पाहा

तोंड वाकडं झालंय, हात-पाय लुळा पडलाय, जीभ अडखळतेय, झटके येताहेत, हलवूनही नीट जाग येत नाही, धाप लागलीय, ओठ निळसर दिसताहेत, तापासोबत मान ताठ झालीय, डोक्याला मार लागलाय किंवा उन्हातून आल्यावर अंग भाजतंय, यांतलं एक जरी असेल तर 108 ला फोन करा. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि हे तास माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथून मोजतात. ती वेळ लिहून ठेवा. शक्य तर सीटी स्कॅनची सोय असलेलंच रुग्णालय गाठा. दृष्ट काय, नंतरही काढता येते.

मग साखर तपासा

मधुमेह असेल तर हे पहिल्या पाच मिनिटांतलं काम. ग्लुकोमीटरवर आकडा 70 च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. 15 मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमीच असेल तर पुन्हा द्या. मशीन घरात नसेल तरी साखर द्या. थोडी जास्त झालेली साखर निस्तरता येते, घसरलेली साखर मेंदूला इजा करते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र थेंबही घालू नका, कुशीवर वळवा.

साखर दिल्यावर माणूस शुद्धीत बोलू लागला की सगळे निवांत होतात. पण मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा असर बराच वेळ टिकतो, साखर पुन्हा घसरते. एकादशीचा उपास आणि गोळी मात्र रोजचीच, त्यात मूत्रपिंडही कमजोर, अशा वेळी बरं वाटलं तरी रुग्णालयात जाच.

गप्प पडून राहणाऱ्याकडे लक्ष द्या

आरडाओरडा करणारा सगळ्यांना दिसतो. जो दिवसभर झोपाळलेला असतो, घास तोंडात धरून बसतो, तो ‘शांत आहे’ म्हणून सुटतो. शंका आली तर आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा. एरवी सहज म्हणणारा माणूस मध्येच भरकटला तर त्याचं लक्ष टिकत नाहीये. हा गोंधळ दिवसभरात कमी-जास्त होतो, रात्री बळावतो आणि नेमका डॉक्टरांसमोर माणूस नीट बोलतो. म्हणून मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून ठेवा.

औषधांची पिशवी सोबत न्या

सगळीच न्या: रक्तदाबाच्या, झोपेच्या, दुखण्यावरच्या गोळ्या, काढे, मेडिकलमधून आणलेली सर्दीची गोळीसुद्धा. क्लोरफेनिरामिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या वृद्धांना सहज भ्रमात नेतात. लघवी वाढवणाऱ्या गोळीने सोडियम उतरू शकतं. मनानेच काही बंद करू नका; रोजची झोपेची गोळी एकदम थांबवली तरी असा गोंधळ होतो. गेल्या काही आठवड्यांत पडझड झाली होती का, हेही सांगा. मेंदूवर हळूहळू साचणारं रक्त कधी कधी उशिरा त्रास देतं, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर.

आणि दारू. रोज पिणाऱ्याची दोन-तीन दिवस सुटली की हात थरथरणं, घाम, भिंतीवर किडे दिसणं सुरू होऊ शकतं. यात जीवही जातो. अब्रूसाठी डॉक्टरांपासून लपवू नका.

धोक्याची खूण नसली तरी त्याच दिवशी दाखवा, सोमवारची वाट पाहू नका. तोवर चष्मा आणि कानाचं यंत्र लावा, दिवा चालू ठेवा, ओळखीचं एकच माणूस जवळ बसू द्या. भिंतीवर कोणी दिसतं म्हणाले तर वाद घालू नका. शांत करायला घरातली झोपेची गोळी तर मुळीच नको.

कारण सापडून उपचार झाले तरी डोकं पूर्ण ताळ्यावर यायला कधी कधी आठवडे लागतात. एकदा झालेला हा त्रास पुन्हा होऊ शकतो. पुढे मोतीबिंदू असो की खुब्याचं ऑपरेशन, भूलतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवा.